बारा-एक्केचाळीस की अकरा-एक्केचाळीस

डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरांत जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या कुणालाही विचारा, "मागचा रेशो कुठला घालू?" गाडी कुठली, इंजिन कुठलं हे विचारायच्या आत उत्तर येतं: "फोर-टेन." म्हणजे ४.१०: इंजिनाकडून मागच्या ॲक्सलला येणारा दांडा ४.१० फेरे फिरला की चाक एक फेरा फिरतं. पलीकडच्या गल्लीतल्या एका शेव्हेलवाल्याने (शेव्हेल ही शेव्हरोलेची जुनी गाडी) मला हाच सल्ला दिला. त्याच्या गाडीत ४.१० आहे, व्ही-एट इंजिन आहे, आणि सिग्नल सुटला की ती गाडी खरोखर उडी मारते. त्यामुळे त्याचं चुकतं असं म्हणायला जागा नव्हती. फक्त त्याच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, नव्हता, आणि माझ्या इंजिनाला होता.

माझी गाडी १९८७ ची ब्यूक ग्रँड नॅशनल. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: काळी, चौकोनी, दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी. बाहेरून बघितली तर एखाद्या निवृत्त हेडमास्तरांची वाटावी अशी. बॉनेटखाली मात्र ३.८ लिटरचं व्ही-सिक्स, टर्बो आणि इंटरकूलर. कंपनीचे आकडे असे: ४,४०० आरपीएमला २४५ हॉर्सपॉवर आणि अवघ्या २,००० आरपीएमला ३५५ पौंड-फूट, म्हणजे ४८१ न्यूटन-मीटर टॉर्क (पिळाचा जोर). त्या वर्षी अशा २०,१९३ गाड्या निघाल्या. इंजिन फ्लिंटचं, गाडी जोडली पाँटिॲकमध्ये. ही दोन्ही गावं आय-७५ महामार्गावर, आमच्या घरापासून फार लांब नाहीत. पुण्याहून इथे नोकरीला आलो तेव्हा या गाड्या 'जुन्या' झाल्या होत्या, 'दुर्मीळ' व्हायच्या होत्या. मी मधल्या काळात घेतली.

रेशोचा विचार माझ्या डोक्यात आपण होऊन आला नाही. ताशी पन्नास मैलांच्या पुढे गेलं की मागून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. पाय काढला की तो आवाज बदलायचा. हे लक्षण पिनियनच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या छोट्या दातेरी चाकाच्या, बेअरिंगचं. हिवाळ्यात, रस्त्यावर मीठ पडल्यावर गाडी तशीही गॅरेजातच उभी असते, म्हणून डिसेंबरात मागचं झाकण उघडलं. पिनियनचं ऑइल सील कधीतरी गळून गेलं होतं, तेल कमी होत गेलं होतं, आणि पिनियनच्या दातांवर बारीक खड्डे पडले होते. लिमिटेड-स्लिपच्या, म्हणजे एकच चाक घसरत फिरू न देणाऱ्या यंत्रणेच्या, चकत्याही झिजलेल्या. म्हणजे क्राऊन (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चाक) आणि पिनियनचा जोड नवा घ्यायचाच. आता ३.४२ घ्या, ३.७३ घ्या किंवा ४.१० घ्या, किंमत जवळपास सारखीच. पैशाचा बहाणा उरला नाही, म्हणून नीट विचार करणं भाग पडलं.

ही गाडी ज्या ब्यूक रीगलवरून बनली, त्या साध्या रीगलपेक्षा हिचा मागचा ॲक्सल दणकट असतो. क्राऊनचा व्यास साडेआठ इंच, साध्या गाडीत साडेसात. कारखान्यातून ३.४२ येतो: क्राऊनला ४१ दात, पिनियनला १२. गंमत म्हणजे ३.७३ मध्येही क्राऊन ४१ चाच, पिनियन ११ चा. ४.१० मध्ये पुन्हा ४१, पिनियन १० चा. एक्केचाळीस ही मूळ संख्या. तिला बारा, अकरा, दहा यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात फिरत फिरत क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो. एखाद्या दातावर ओरखडा असला तर तो ठरावीक दोन-चार दातांनाच खात बसत नाही, झीज सगळीकडे वाटली जाते. शिवाय या ॲक्सलमध्ये २.७३ पासून पुढचे सगळे रेशो एकाच जातीच्या कॅरिअरवर, म्हणजे क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो त्या भागावर, बसतात, त्यामुळे तिन्हींपैकी काहीही घातलं तरी बाकीचं सामान तेच.

तेव्हा निवड खरोखर मोकळी होती. आणि मोकळी निवड फार त्रास देते.

शेव्हेलवाल्याचं म्हणणं सरळ होतं. रेशोचा आकडा मोठा केला की चाकावर टॉर्क वाढतो, गाडी जोरात सुटते. पट्टीवर मोजलं तर खरंच आहे. ३.४२ वरून ३.७३ वर गेलं की चाकावरचा टॉर्क ९ टक्के वाढतो, ४.१० वर गेलं की जवळपास २० टक्के. पण माझ्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये टॉर्क कमी पडतो का? एका संध्याकाळी कागद घेऊन बसलो. गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.७४. त्याला ३.४२ ने गुणलं की ९.३७. ४८१ न्यूटन-मीटर गुणिले ९.३७ म्हणजे साडेचार हजार. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरली तर टायरच्या तळाशी जोर येतो साडेतेरा हजार न्यूटनच्या वर. वाटेत घर्षणात पंधरा टक्के गेले म्हणू, तरी साडेअकरा हजार. गाडीचं सगळं वजन जेमतेम सोळाशे किलो, म्हणजे साडेपंधरा हजार न्यूटन. त्यातलं निम्म्याच्या आसपास मागच्या चाकांवर. रस्त्याच्या टायरची पकड फार तर तेवढीच. म्हणजे पूर्ण बूस्टवर, टर्बो हवा पुरती दाबत असताना, पहिल्या गिअरमध्ये जो जोर आहे त्यातला बराचसा मी कारखान्याच्या रेशोवरही वापरू शकत नाही. तो टायरच्या धुरात जातो. हिशेबात टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाची, वाढ मी धरलीच नव्हती.

मग ४.१० घालून मी काय वाढवणार होतो? धूर.

व्ही-एटवाल्यांची गोष्ट वेगळी असते. विनाटर्बो इंजिनात, विशेषतः कॅमशाफ्ट जरा तिखट असेल तर, खालच्या आरपीएमला दम नसतो. तिथून ते इंजिन लवकर बाहेर काढून साडेपाच-सहा हजारांवर ठेवायचं, तर मोठा रेशो हवाच. टर्बो इंजिनाचं उलट. त्याला खाली दम असतो, पण तो दम तयार व्हायला दोन गोष्टी लागतात: भार आणि वेळ. टर्बाइन फिरते एक्झॉस्टच्या जोरावर. इंजिनावर भार असेल, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर गरम वायू भरपूर निघतो आणि टर्बाइन वेग घेते. पण टर्बाइनलाही वजन आहे, तिला वेग घ्यायला क्षणभर तरी लागतो. रेशो फार मोठा केला की इंजिनावरचा भार हलका होतो, आरपीएमचा काटा सरसर वर चढतो, आणि बूस्ट पुरता भरायच्या आत गिअर संपतो. आमच्याकडची टर्बोवाली मंडळी म्हणतात की या इंजिनाला ओढायला काहीतरी द्या. स्कॅनर लावून मी माझ्याच गाडीचा बूस्ट नोंदवला तेव्हा हे डोळ्यांना दिसलं. उभ्या गाडीवरून पूर्ण दाबली की पहिल्या गिअरमध्ये बूस्ट वर पोचेपर्यंत गिअर जवळजवळ संपलेला असायचा. दुसऱ्यात तो लगेच भरायचा आणि टिकून राहायचा. सगळी मजा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच होती.

नंतर गिअर कुठे संपतात ते काढलं. सूत्र सोपं आहे: मैलांतला वेग गुणिले एकूण रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास, म्हणजे आरपीएम. हे ३३६ कुठून आलं ते एकदा स्वतः काढून बघा. मैलातले इंच, तासातली मिनिटं आणि गणितातला पाय (π) यांतून ते येतं. कारखान्याचा टायर २१५/६५-१५, व्यास २६ इंच. गिअरबॉक्स चार गिअरचा ऑटोमॅटिक, पहिले तीन २.७४, १.५७ आणि १, चौथा ०.६७. ४,८०० ला गिअर बदलायचा धरला, तर ३.४२ वर पहिला गिअर ४० मैलांना संपतो, दुसरा ६९ ला, तिसरा १०९ ला. ३.७३ वर ३६, ६३ आणि १००. ४.१० वर ३३, ५८ आणि ९१.

हे आकडे शेजारीशेजारी लिहिले आणि पेन खाली ठेवलं. इथे गाडीची पत मोजतात ती शून्य ते साठ मैल आणि पाव मैल या दोन मापांत. साठ मैल गाठायला ३.४२ वर गिअर एकदाच बदलावा लागतो. ४.१० वर दोनदा. ३.७३ वर कागदावर एकदा, पण कन्व्हर्टरची घसरण धरली तर तेही काठावर. आणि पाव मैल? माझी गाडी तेव्हा शेवटच्या रेषेवर १०८ मैलांच्या आसपास असायची. कारखान्याच्या बूस्टपेक्षा जरा जास्त बूस्ट, मोकळा एक्झॉस्ट, बाकी फार काही नाही. ३.४२ वर १०८ मैलांना ४,७७०, त्यावर कन्व्हर्टरची सहाएक टक्के घसरण, म्हणजे ५,०५०. माझ्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग मूळच्या आहेत. पाच हजारांच्या पुढे ते इंजिन आवाज करतं, काम करत नाही. ३.७३ वर रेषेपाशी साडेपाच हजार झाले असते. ४.१० वर सहा हजारांच्या पुढे, म्हणजे रेषेच्या बरंच आधी चौथ्या, ओव्हरड्राइव्ह गिअरमध्ये टाकावी लागली असती, आणि पूर्ण बूस्टवर हा गिअरबॉक्स चौथ्यात टाकणं म्हणजे त्याच्या ओव्हरड्राइव्हच्या क्लचची परीक्षा बघणं.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: मागचा रेशो बदलला तरी दोन गिअरमधलं अंतर बदलत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम ५७ टक्क्यांवर येतात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ६४ टक्क्यांवर. ३.०८ घाला नाहीतर ४.१०. बदलतं ते एवढंच, की ही उडी रस्त्यावर कुठल्या वेगाला येते.

याच सुमारास कऱ्हाडला मामांना फोन केला होता, दुसऱ्याच कामासाठी. मामांचं ट्रकचं गॅरेज. आयुष्य ॲक्सलच्या हाउसिंगखाली गेलेलं.

"मामा, गाडीचा क्राऊन-पिनियन बदलायचाय."

"आवाज करतोय व्हय?"

"हो. नवा घालायचाच आहे, तर रेशो बदलावा का, असं चाललंय डोक्यात."

"आत्ता किती दाताचा हाय?"

"बारा-एक्केचाळीस."

"आमच्या टाटाला बी एक्केचाळीसच की रं. सहा-एक्केचाळीस न्हाईतर सात-एक्केचाळीस." मग थोडं थांबून, "कुंभार्ली चढणाऱ्याला सहाचा, सपाटीला पळणाऱ्याला सातचा. तुझी गाडी अडती कुठं? चढाला का सपाटीला?"

"कुठंच अडत नाही."

"मग हात कशाला लावतूस?"

मी म्हटलं, मामा, ही शर्यतीची हौस आहे. ते म्हणाले, "असू दे की. पर इंजान कुठल्या फेऱ्यात वढतंय त्ये बघून पिनियन घालायचा. मानसाच्या हौशीवर न्हाई." मी कागदावर पान भरून जे काढलं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मिशिगनमध्ये घाट नाही. इथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल.

एवढं सगळं होऊनही ३.७३ माझ्या डोक्यातून जात नव्हता, आणि त्याला कारण होतं. टर्बो ब्यूकवाल्यांतच दोन पंथ आहेत. एक म्हणतो ३.४२ ला हात लावू नका. दुसरा शपथेवर सांगतो की ३.७३ ने गाडी जिवंत झाली. दुसऱ्या पंथातला एक मित्र, हा नागपूरचा, ॲन आर्बरजवळ राहतो. त्याच्याकडे त्याच वर्षीची टर्बो-टी आहे: तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स. रस्ते कोरडे असलेला दिवस बघून मी त्याच्याकडे गेलो. माझी उघडलेली होती, म्हणून तशीच ३.४२ ची आणखी एक गाडी त्याने ओळखीत मिळवली होती. एकाच रस्त्यावर आलटून पालटून दोन्ही चालवल्या.

मला फरक कळेना. म्हणजे अगदीच नाही असं नाही. त्याच्या गाडीच्या कन्व्हर्टरमुळे ती सुटताना जरा मोकळी वाटत होती. पण पन्नास-साठ मैलांच्या पुढे, तिसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही काटे सारखेच. मित्र म्हणाला, "अबे, जाणवत नाही का तुला?" मी पुन्हा चालवून बघितली. नाही जाणवत. शेवटी खाली उतरून दोन्ही गाड्यांच्या मागे उकिडवा बसलो, आणि उत्तर तिथे टायरच्या बाजूवर छापलेलं होतं. त्याचे मागचे टायर २७५/६०-१५. व्यास २८ इंच.

३.७३ ला २६ ने गुणा, २८ ने भागा. ३.४६.

मित्राने क्राऊन-पिनियनवर पैसे खर्च करून जे मिळवलं होतं, ते दोन इंच उंच टायरने जवळजवळ सगळं परत घेतलं होतं. त्याच्या ३.७३ ची आणि कारखान्याच्या ३.४२ ची जमिनीवरची किंमत दीड टक्क्याच्या आत. त्याचं काही चुकलं नव्हतं. उंच आणि रुंद टायरमुळे त्याला पकड मिळाली होती, आणि ३.७३ मुळे गाडी त्या टायरवर सुस्त झाली नव्हती. जोडी बरोबर होती. फक्त श्रेय एकट्या ३.७३ ला जात होतं. दोन्ही पंथ खरं तर एकाच देवाची पूजा करत होते.

यावरून मला जीएनएक्स आठवली. १९८७ मध्येच ब्यूकने एएससी आणि मॅक्लारेन या कंपन्यांकडून याच गाडीच्या ५४७ खास प्रती करून घेतल्या. टर्बो बदलला, हॉर्सपॉवर २७६ जाहीर केली, मागचं सस्पेन्शन नव्याने बांधलं. मागचे टायर दिले २५५/५०-१६. त्यांचा व्यास काढा: पुन्हा २६ इंच. आणि रेशो? ३.४२. ज्यांना सगळं बदलायची मुभा होती त्यांनी चाक मोठं केलं, टायर रुंद केला, पण उंची आणि रेशो दोन्ही जिथल्या तिथे ठेवले. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आता प्रश्न बदलला. रेशो ठरवायच्या आधी टायर ठरवायला हवा होता. मला गाडीची मूळची पंधरा इंची क्रोमची चाकं सोडायची नव्हती, आणि २८ इंची टायर त्या चाकांवर माझ्या डोळ्यांना बोजड दिसतो. हे चवीचं आहे, वाद घालू नका. पण २१५ ची रुंदी या टॉर्कला कमी पडते हेही खरं. मधला मार्ग २५५/६०-१५, व्यास २७ इंच. तो बसतो, घासत नाही, आणि गाडी बघणाऱ्याला काही वेगळं केलंय असं वाटत नाही.

२७ इंचांवर ३.४२ म्हणजे जुन्या मापात ३.२९. १०८ मैलांना घसरण धरून ४,८६०. इंजिनाचा दम जिथे संपायला लागतो त्याच्या अलीकडे. ३.७३ घातला असता तर ३.५९, आणि रेषेपाशी ५,३००. महामार्गावर ताशी ७० मैलांना, म्हणजे ११३ किलोमीटरना, चौथ्या गिअरमध्ये ३.४२ वर २,००० आरपीएम, ३.७३ वर २,१७०. हा शेवटचा फरक किरकोळ. गाडी माझी वर्षात बहुतेक रस्त्यावरच चालते, पण ओव्हरड्राइव्ह असताना महामार्गाच्या भीतीने ३.७३ टाळण्यात अर्थ नाही. खरी भीती वरच्या टोकाला होती.

उलट बाजूने ३.०८ चाही विचार केला. वरच्या टोकाला तो छान बसतो. पण पहिला गिअर एकूण ८.४४ वर येतो, आणि बूस्ट नसताना, सिग्नलवरून साधं निघताना, ही गाडी मग खरोखरच हेडमास्तरांची होते. ओढायला काहीतरी द्या हे खरं, पण किती द्यायचं यालाही हद्द आहे.

थोडक्यात, बारा-एक्केचाळीस. नवा जोड, नवी बेअरिंग, रेशो होता तोच. हौसेचे पैसे टॉर्क कन्व्हर्टरला ठेवले. ऑटोमॅटिक टर्बो गाडीत सुटतानाचा आळस घालवायचा असेल तर तो घालवायची खरी जागा तीच: चाकं फिरायच्या आत इंजिनाला जरा वर जाऊ दिलं की टर्बाइन जागी होते, आणि हे करताना वरचं टोक बिघडत नाही.

बसवायच्या कामाबद्दल सांगायलाच हवं, कारण रेशो निवडण्यापेक्षा चुकायच्या जागा तिथे जास्त आहेत. आमच्या शेजारी एक निवृत्त टूलमेकर आहेत, सत्तरी ओलांडलेले. डायल गेज त्यांच्या हातात बोटासारखं वागतं. मी हमाल आणि ते कारागीर, अशी वाटणी.

पहिला धडा बोल्टचा. या ॲक्सलमध्ये क्राऊनच्या बोल्टना उलटे आटे असतात. डावीकडे पिळला की घट्ट होतो. हे माहीत नसलेला माणूस पान्याला पाइप लावून जोर करत बसतो आणि बोल्ट तोडतो. बोल्टच्या डोक्यावर 'एल' कोरलेला असतो, पण काळ्या तेलाखाली तो दिसला तर.

मग पिनियनची खोली. पिनियनच्या डोक्यामागे, आतल्या बेअरिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, असते. शिम जाड केली की पिनियन क्राऊनकडे सरकतो, पातळ केली की मागे. जुन्या शिमपासून सुरुवात करायची. दातांना पिवळा लेप लावायचा, क्राऊन हाताने अडवत दोन्हीकडे फिरवायचा, आणि ठसा कुठे पडतो ते बघायचं. आमचा पहिला ठसा दाताच्या टोकाकडे, बाहेरच्या कडेला पडला. म्हणजे पिनियन कमी आत. शिम वाढवली, पुन्हा सगळं खोललं, पुन्हा जोडलं. यासाठी त्यांनी जुन्या बेअरिंगचं भोक घासून सैल केलं होतं, म्हणजे प्रत्येक वेळी प्रेसवर न्यायला नको. ही युक्ती ज्याला माहीत नाही तो तिसऱ्या वेळी कंटाळतो आणि "चालेल" म्हणतो. मग ती शिट्टी जन्मभर ऐकतो.

ठसा दाताच्या मधोमध आल्यावर क्राऊन आणि पिनियनमधला प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी फट. सहा ते दहा हजारांश इंच चालतो. दोन्ही बाजूंच्या शिम अदलाबदल करत आम्ही आठावर आणला, म्हणजे ०.२ मिलिमीटर. क्राऊनवर चार ठिकाणी मोजला, चारही ठिकाणी तेवढाच.

शेवटी क्रश स्लीव्ह, आणि इथे शेजारी आजोबांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मध्ये एक पत्र्याची नळी असते, नट आवळताना ती चेपत जाते आणि बेअरिंगवर ठरावीक ताण बसतो. तो ताण पिनियन फिरवायला किती जोर लागतो त्यावरून मोजतात. केसभर जास्त आवळलं तर नट सैल करून भागत नाही. नळी चेपली ती चेपली, नवी घालावी लागते. त्यांनी थोडं आवळायचं, मोजायचं, पुन्हा थोडं, पुन्हा मोजायचं, असं करत ते काम एका बैठकीत केलं. मधे त्यांच्या बायकोने कॉफी आणली. ती गार झाली.

तेल ८०डब्ल्यू-९०, त्यात लिमिटेड-स्लिपचं वेगळं औषध. ते विसरलं तर वळणावर मागून कुरकुर ऐकू येते. मिशिगनमध्ये डावीकडे जायला आधी पुढे जाऊन यू-टर्न घ्यायची पद्धत असल्याने वळणं तशीही भरपूर, कुरकुर लगेच कळली असती. आली नाही. नव्या दातांना सुरुवातीला गरम होऊ द्यायचं नसतं: पंधरा-वीस मैल चालवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. पहिले पाचशे मैल ड्रॅग स्ट्रिपचं, म्हणजे पाव मैल शर्यतीच्या सरळ पट्ट्याचं, नाव काढायचं नाही, मग तेल बदलायचं. बदललं तेव्हा झाकणाच्या चुंबकावर राखाडी भुकटी होती, तुकडा एकही नव्हता. आजोबांनी ती बोटांत चोळून बघितली आणि मान हलवली.

स्पीडोमीटर टायरमुळे आता चार टक्के कमी दाखवत होता. हे पोलिसांना सांगून उपयोग नसतो. गिअरबॉक्सच्या शेपटीत स्पीडोच्या केबलला फिरवणारं छोटं प्लास्टिकचं गिअर असतं, दात जितके वेगळे तितका रंग वेगळा. एका दाताने कमी असलेलं घातलं आणि आय-७५ वरच्या मैलाच्या पाट्यांशी घड्याळ लावून ताडून बघितलं. जमलं.

मे महिन्यात मायलन ड्रॅगवे या ड्रॅग स्ट्रिपला गेलो, कन्व्हर्टरसकट. सुटताना गाडी पूर्वीसारखी आळसावली नाही. पहिल्या गिअरमध्येच बूस्ट भरलेला दिसला, आणि २५५ चे टायर थोडेसेच ओरडले. रेषेपाशी नोंद ४,९०० च्या जरा खाली, कागदावरच्या आकड्याच्या शेजारी. वेग एक मैलाने वाढला, वेळ त्याहून बरी सुधारली. शेव्हेलवालाही आला होता. त्याने विचारलं, "फोर-टेन?" मी ३.४२ म्हटल्यावर त्याला वाटलं मी लपवतोय.

सिलिंडर हेड आणि कॅमशाफ्ट बदलून हे इंजिन कधी पावणेसहा हजारांपर्यंत ओढायला लागलं, तर ३.७३ चा हिशेब मी पुन्हा मांडीन. नागपूरकर मित्राने मात्र त्याचा २८ इंची टायर झिजल्यावर २६ इंची घ्यायचा बेत केला होता, ३.७३ वर. त्याला मी फोनवर आकडे वाचून दाखवले. त्याने परत २८ चेच मागवले.